फॉस्फरसची गोळी

“हाडं तर दुखत नाहीत माझी, मग ही गोळी कशाला?” डायलिसिसला बाबांच्या शेजारच्या बेडवर असलेले काका आज सिस्टरना म्हणाले. गोळी होती अन्नातला फॉस्फरस धरून ठेवणारी. सिस्टरनी रक्तातला फॉस्फरस ७.२ वाचून दाखवला होता, काकांनी रिपोर्टची घडी करून उशीखाली सारली.

तेव्हापासून चैन नाही मला. हा आकडा फक्त हाडांचा नाहीच ना. किडनी बंद पडली की फॉस्फरस रक्तात साठतो, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस करूनही पुरता निघत नाही, मग पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) वाढतं, हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, हृदयाच्या झडपांत जाऊन बसतं, तेही कुठंही न दुखता! १९९८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात फॉस्फरस ६.५ च्या वर असलेल्या डायलिसिस पेशंटना मृत्यूचा धोका सुमारे २७ टक्के जास्त दिसला होता.

आकडा उतरवला की आयुष्य वाढतंच, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. २०१२ मध्ये पीटीएच उतरवणाऱ्या सिनाकॅल्सेट या औषधाच्या मोठ्या चाचणीतही तसं ठामपणे दिसलं नाही. तरी काकांना हे कुणीतरी दोन मिनिटं शेजारी बसून सांगायला हवं होतं, खरंच.

तुमच्या घरी कोणी डायलिसिसवर असेल तर फॉस्फरसची गोळी जेवणासोबतच घेतात ना? उपाशीपोटी घेतली तर ती अन्नातला फॉस्फरस धरणार कशी?