तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिसेरा तपासणाऱ्या बाईला ‘मायामी’ कशी बघवते?

‘काकू, तुम्ही स्वतः फॉरेन्सिक लॅबमध्ये होतात ना? मग ते ‘सीएसआय मायामी’ कसं काय बघवतं तुम्हाला?’

कोथरूडमधल्या निवृत्त बाईला लोक गुडघ्यांबद्दल विचारतात, नाहीतर परदेशातल्या नातवंडांबद्दल. मला हे विचारतात. मंगल कार्यालयात जेवणाच्या रांगेत विचारतात, टेकडी चढताना विचारतात (तेव्हा मला दम लागलेला असतो, म्हणून उत्तर अर्धवट राहतं), आणि 1 जुलै 2024 पासून जरा जास्तच विचारतात. त्या दिवशी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, असं तिच्या कलम 176 मध्ये आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, हे मात्र कुणी वाचलेलं नसतं. त्यामुळे आता पुण्यातही काळा गॉगल लावलेला माणूस मोठ्या गाडीतून उतरणार, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली आहे.

ज्यांनी ती मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत 2002 ते 2012 अशी दहा वर्षं चाललेली मालिका, दहा सीझन, 232 भाग. मायामी-डेड पोलिसांची गुन्हे प्रयोगशाळा, तिचा प्रमुख होरेशियो केन, म्हणजे डेव्हिड करुसो हा नट. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक मृतदेह. होरेशियो एका बाजूला वळून उभा राहतो, गॉगल हातात घेतो, एक टोमणेवजा वाक्य टाकतो, गॉगल चढवतो आणि शीर्षकगीताची किंकाळी ऐकू येते. सगळं शहर नारिंगी उन्हात न्हालेलं. गंमत म्हणजे बरंचसं चित्रीकरण कॅलिफोर्नियात झालेलं आहे, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मायामीचा समुद्र पूर्वेला, तिथे सूर्य पाण्यातून उगवतो. माझं माहेर रत्नागिरीकडचं, समुद्रात सूर्य बुडतो हे मला जन्मापासून ठाऊक, त्यामुळे त्यातली उन्हं बघताना माझं डोकं अधूनमधून दिशा शोधत बसतं.

आता ‘खरंच तसं असतं का’ हा भाग आधी उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. डीएनए जाहिराती संपेपर्यंत येत नाही. संगणकावर फोटो भराभर फिरून खाली संशयिताचा पत्ता उमटत नाही. प्रयोगशाळेत निळा अंधार नसतो, ट्यूबलाइट असतात, आणि एखादी फडफडत असली तर आधी ती बदलायला लावतात. मोकळ्या केसांनी पुराव्यावर ओणवं होऊन कुणी बघत नाही. ते बघताना मला दर वेळी वाटतं, बाई गं, तुझाच केस सापडेल त्यात. हे सगळं तुम्हालाही कळतं. ज्यांनी 1998 पासून शिवाजी साटमांचं ‘सीआयडी’ बघितलंय आणि डॉक्टर साळुंखे एका भागात रक्तही तपासतात, विषही आणि हाडंही हे मान्य केलंय, त्यांना यंत्रांच्या वेगाबद्दल मी काय सांगू? सोडून द्या. टीव्ही आहे तो.

माझी तक्रार वेगळी आहे. होरेशियोची माणसं पुरावा उचलतात, तीच तो तपासतात, तीच संशयिताला समोर बसवून जाब विचारतात, आणि वेळ आली तर गोळीही तीच झाडतात. आपल्याकडे ही कामं मुद्दाम विभागलेली आहेत. शवविच्छेदन डॉक्टर करतात. बोटांचे ठसे सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्राकडे जातात. तपासी अंमलदार पोलीस ठाण्याचा. आणि प्रयोगशाळेतल्या माणसाने आरोपीचं तोंडसुद्धा बघितलेलं नसतं, बघायचंही नसतं. मी विषशास्त्र विभागात होते. माझ्या टेबलावर माणूस यायचा तो बरण्यांमधून, नंबर होऊन.

शवविच्छेदनात काढून तपासणीला पाठवलेले हे अवयव म्हणजेच व्हिसेरा. एका बरणीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे. हे सगळं मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवलेलं. फॉर्मॅलिन चालत नाही, कारण पुढची तपासणी बिघडते. आणि ते मिठाचं पाणीसुद्धा वेगळ्या बाटलीत नमुना म्हणून येतं, विष त्या पाण्यातूनच आलं नाही ना हे बघायला. बरणीवर कापड, कापडावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख, लाखेवर पितळी शिक्क्याचा ठसा. सोबतच्या पत्राबरोबर त्याच शिक्क्याचा नमुना कागदावर. सकाळी पहिलं काम कुठलं, तर भिंग घेऊन लाखेवरचा ठसा आणि कागदावरचा ठसा ताडून बघणं. अक्षराची शेपटी तुटलेली असेल तर दोन्हीकडे तुटलेली हवी. मग वहीत नोंद: सील शाबूत, नमुन्याप्रमाणे. तोवर कात्री लावायची नाही.

मायामीच्या मालिकेत हे दृश्य दाखवलेलं मला तरी आठवत नाही. पिशवीवर लाल टेप असते, ती टर्रकन फाडतात, झालं. मला तिथे जीव कासावीस होतो. कारण कोर्टात आमची जी उलटतपासणी व्हायची, तिचा निम्मा भाग या लाखेवरच असायचा. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, जुन्या संहितेच्या कलम 293 मध्ये तशी सोय होती आणि नव्या संहितेतही आहे. तरी बचावाच्या वकिलांनी मागणी केली की जावं लागायचं. आणि वकील रसायनशास्त्रात सहसा शिरत नाहीत. ते विचारतात: जप्ती कधीची, मुद्देमाल तुमच्याकडे आला कधी, मधल्या दिवसांत तो ठाण्यात कुठे होता, कोणत्या शिपायाने आणला, सील कुणाचं होतं, तो शिक्का नंतर कुणाच्या ताब्यात होता. माझं यंत्र कितीही भारी असो, यातल्या एका प्रश्नाचं उत्तर नसेल तर अहवाल कागदावरच राहतो.

पुणेकरांना हे पटवून द्यायला पूर्वी वेळ लागायचा. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोघांना चिरडलं, त्यानंतर लागत नाही. गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. तपासात दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या रक्ताशी पहिल्या नमुन्याचा डीएनए जुळेना. निकाल कोर्ट देईल, त्यावर मी बोलणार नाही. पण शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, ही मोटार वाहन कायद्यातली मर्यादा मोजायला बसलेल्या केमिस्टचा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा असतो: नळीवर ज्याचं नाव आहे, रक्त त्याचंच आहे. ते तिला टेबलावर बसून कळू शकत नाही. त्यासाठी लाख, सही, पंच आणि नोंदवही लागते. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत ‘चेन ऑफ कस्टडी’ (पुरावा कधी कुणाच्या ताब्यात होता त्याची साखळी) हा शब्द दूधवाल्याच्याही तोंडी होता.

अजून एक गोष्ट त्या मालिकेत जवळजवळ नसते: ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल. तिथे प्रत्येक चाचणी बोलते. आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं, सर्वसाधारण आणि विशिष्ट रासायनिक तपासणीत कोणतंही विष आढळलं नाही, आणि ते मी आयुष्यात भरपूर वेळा लिहिलं. ते लिहिण्याआधीचं काम मात्र तेवढंच असतं. ऐवज बारीक करा, द्रावकात विष उतरवून घ्या, काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पांढरा लेप, त्यावर अर्काचा ठिपका, शेजारी ओळखीच्या कीटकनाशकाचा ठिपका. पट्टी द्रावकात उभी केली की ओल हळूहळू वर चढते आणि ठिपक्यांना बरोबर घेऊन जाते. मग रसायन फवारायचं. कधी कधी पांढऱ्यावर एकदम रंग उमटतो. रंग जुळायला हवा, उंचीही जुळायला हवी, आणि एवढ्यावर न थांबता यंत्रावर खात्री करायची. धान्यातले किडे मारायची फॉस्फाइडची गोळी पोटात गेली असली तर बरणी उघडतानाच लसणासारखा वास नाकात शिरतो. पण वासावर अहवाल लिहिता येत नाही.

आणि कधी पट्टी कोरीच राहते. ‘विष आढळलं नाही’ म्हणजे ‘विष दिलंच नव्हतं’ असं नव्हे. सर्पदंशाने गेलेल्या माणसाच्या व्हिसेरात आमच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीला ते विष सापडत नाही. उलट्या होऊन, दवाखान्यात दिवस काढून माणूस गेला असेल तर बरंचसं शरीराबाहेर पडून गेलेलं असतं. हे नातेवाइकांना समजावणं अवघड. एकदा एका तपासी अंमलदाराचा फोन आला, ‘मॅडम, जरा नीट बघा, सापडायला पाहिजे यात.’ म्हटलं, ‘साहेब, असेल तर सापडेल, तुम्ही सील नीट लावलंय ना?’ फोन ठेवला त्यांनी. होरेशियोच्या लॅबमध्ये असा फोन करावाच लागत नाही, कारण सापडायला पाहिजे असं ज्याला वाटतं तोच तिथे शोधतोही. अमेरिकेत म्हणे अशा मालिका बघून ज्युरीचे लोक प्रत्येक खटल्यात डीएनए मागायला लागले, अशी वकिलांची ओरड असते. आपल्याकडे ज्युरी कधीच गेली. आपल्याकडे हॉलमध्ये सोफ्यावर बसून लोक निकाल देतात.

‘मग बघता कशाला?’ सांगते.

कॅली ड्यूकेन नावाची बंदुकांची तज्ज्ञ आहे त्यात. ती तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवते, एक मृतदेहातली आणि एक पाण्याच्या टाकीत झाडून मिळवलेली, आणि सावकाश फिरवत राहते, नळीतल्या आट्यांचे ओरखडे एका रेषेत येईपर्यंत. ते काम खरंच असं चालतं, डोळ्याने आणि चिकाटीने. दुसरी ॲलेक्स वुड्स, शवविच्छेदन करणारी डॉक्टर. ती मृतदेहाशी हळू आवाजात बोलते, काय झालं रे बाळा, अशा सुरात. माझ्या एका मैत्रिणीला ते फिल्मी वाटतं. मला नाही वाटत. दिवसभर बरण्यांवर नंबर टाकणाऱ्या बाईने संध्याकाळी ते बघितलं तर काय बिघडलं?

पण खरं कारण टिम स्पीडल. तो होरेशियोच्या पथकातला. त्याची एक खोड: स्वतःचं पिस्तूल साफ न करणं. पहिल्या सीझनमध्ये ऐन चकमकीत त्याचं पिस्तूल अडकतं. निभावतं. त्याला बजावलंही जातं. आणि तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात, 2004 मध्ये, समोर गोळीबार सुरू असताना ते पुन्हा चालत नाही आणि तो मरतो. ना कटकारस्थान, ना सूड. घासून पुसून ठेवायचं हत्यार ठेवलं नाही, एवढंच. ज्या मालिकेत सगळं चकचकीत आणि झटपट, तिच्यात लेखकांनी नायकाच्या माणसाला असल्या रटाळ कारणाने मारलं, याचं मला फार कौतुक वाटलं. काचेची भांडी तीन-तीनदा धुवायला कंटाळणाऱ्या नव्या मुलांना मी स्पीडलची गोष्ट सांगायचे. सोल्व्हंटची कोरी चाचणी (नमुना न घालता नुसतं द्रावक तपासणं) न घेता नमुना लावला की म्हणायचे, स्पीडल झाला तुझा. पुढे विभागात तो शब्दच रूढ झाला. ज्यांनी मालिका बघितली नव्हती तीही मुलं तो वापरायची.

सदाशिव पेठेतले एक आजोबा मला नेहमी उलटं विचारतात, की हे सगळं नव्हतं तेव्हा जोशी-अभ्यंकर प्रकरणातले खुनी कसे पकडले? बरोबर आहे त्यांचं. ते खून 1976-77 मधले, आणि डीएनएवरून माणूस ओळखायची युक्ती ॲलेक जेफ्रीजना इंग्लंडमध्ये सुचली 1984 मध्ये. तेव्हा पुणं अंधार पडला की दारं लावून बसायचं. नदीत वर आलेला मृतदेह, त्याला बांधलेली नायलॉनची दोरी, मित्रांच्या जबाबांमधली विसंगती आणि शेवटी त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार, असं करत करत ते प्रकरण सुटलं. त्यात प्रयोगशाळेपेक्षा बोलतं करणाऱ्या पोलिसांचा वाटा मोठा, हे मी मान्य करते. आजोबांना तेवढंच ऐकायचं असतं.

आता यापुढचा प्रश्न, जो बहुतेक आया विचारतात: ‘आमच्या मुलीला ती सीरियल बघून फॉरेन्सिकच करायचंय, घालू का?’ घाला. पण आधी ठरवू द्या कशात. विषं आणि दारू असेल तर रसायनशास्त्र पक्कं हवं, डीएनएला जीवशास्त्र, गोळ्या-बंदुकांना भौतिकशास्त्र. मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, पुण्यातही अभ्यासक्रम निघालेत. गॉगल लागत नाही. वास सहन व्हायला हवा, अक्षर वाचता येईल असं हवं, आणि वर्षभर एकाही आरोपीचं तोंड न बघता काम करायची तयारी हवी. शेवटची अट ऐकून निम्म्या मुली आईकडे बघतात. उरलेल्यांना मी पहिले तीन सीझन बघायला सांगते, त्यापुढे होरेशियो फारच गोळ्या झाडायला लागतो.