घागर, झाकण आणि पावसाचा पाइप

बेळगावात काही भागांना २००८ पासून चोवीस तास पाणी मिळतं. आमची गल्ली त्यात नाही. त्यामुळं घरात घागरी, बादल्या, ड्रम आलेच, आणि त्यातलं काहीतरी चिरलेलंही असतंच. यंदा पावसाळ्याआधी तीन कामं हातात घेतली: तळाला चीर गेलेली प्लॅस्टिकची घागर, वॉशिंग मशीनच्या झाकणाचा तुटलेला कान, आणि गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचा निखळलेला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड.

खडेबाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘प्लॅस्टिकला चांगला गम द्या’ म्हटलं, तर काउंटरवरच्या मामांनी उलट विचारलं, ‘कसलं प्लॅस्टिक? फोटो दावा.’ घागरीचा फोटो बघून म्हणाले, ‘ह्येला काय बी लावा, टिकत न्हाई.’ गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार विरळाच, म्हणून त्यांचं ऐकलं.

घरी येऊन घागर उलटी केली. बुडाला बाणांच्या त्रिकोणात २ आकडा होता, म्हणजे एचडीपीई जातीचं प्लॅस्टिक. बादल्या-डब्यांवर बहुधा ५ असतो, तो पॉलिप्रॉपिलीनचा. आकडा पुसला गेला असेल तर वस्तूचा तुकडा पाण्यात टाकावा. ही दोन्ही तरंगतात. पीव्हीसी, एबीएस, अ‍ॅक्रिलिक बुडतात. तरंगणाऱ्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तसा त्यावर गम पसरतच नाही. फेविक्विक असो वा अ‍ॅरल्डाइट, वाळल्यावर नखानं पापुद्रा निघतो.

मग घागर सांधायची ती वितळवूनच. चीर पुढं पळू नये म्हणून दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. २ आकड्याच्याच एका फुटक्या डब्याची पट्टी कापली. इथं आकडा जुळणं महत्त्वाचं, कारण एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढं, आणि वितळली तरी दोन्ही नीट एकजीव होत नाहीत. सोल्डरिंग आयर्ननं, म्हणजे वायरी डागायच्या तापणाऱ्या सळईनं, चिरेच्या कडा आणि पट्टी एकदम मऊ करत, आतून आणि बाहेरून दाबत गेलो. काम अंगणात केलं, वास फार येतो. दिसायला ओबडधोबड झालंय, पण थेंब गळत नाही. पूर्वी दारावर बादल्या सांधणारे यायचे, तेही तापलेल्या सळईनं हेच करायचे.

झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस असं कोरलेलं सापडलं. हे प्लॅस्टिक गमला मान देतं. फेविक्विकनं क्षणात धरलं असतं, पण तो सांधा कडक आणि ठिसूळ होतो. रोज आपटणाऱ्या झाकणाला तो नको. दोन ट्यूबवालं अ‍ॅरल्डाइट घेतलं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं खरवडल्या, स्पिरिटनं पुसल्या, दोन्ही ट्यूबमधला गम समसमान कालवून लावला आणि आतून अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी आधाराला बसवली. ही पट्टी सोडू नये. गम ताण सोसतो, पण कडेकडून उचकटलं की हार मानतो. रात्रभर दोऱ्यानं बांधून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीही मशीनला हात लावू दिला नाही. घरच्यांची धुणं तुंबली, तो भाग वेगळा.

कापूस ठेवून त्यावर फेविक्विक ओतायची एक युक्ती मोबाईलवर फिरते. ती करू नका. कापसाशी गाठ पडली की ते झटक्यात तापतं, धूर येतो, बोटं भाजतात.

पाइपाचं काम सगळ्यात सोपं. तो पीव्हीसीचा, त्याला सॉल्व्हंट सिमेंट. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळवतं. कोरडं पुसून, लावून, पाव फेरा फिरवत एल्बो आत दाबायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपाचं सॉल्व्हंट वेगळं असतं, डबा बघून घ्यावा. पीव्हीसीला सोल्डरिंग आयर्न मात्र लावू नये, घशाला झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो. आमच्याकडं पाऊस लागला की हवा दमट आणि पाइप कायम ओला, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकलं.

मिक्सरच्या भांड्याचं पारदर्शक झाकणही तडकलंय. त्याला चिकटवायला गम मिळेल, पण चटणीत उतरलेला गम कोण खाणार? ते नवीनच आणणार आहे.