लाइन गेली, लॅपटॉप चालू, रेकॉर्डिंग बंद

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खंजिरी भजन मंडळाला ६०,००० रुपयांत कॉम्प्युटर घ्यायचा होता. आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, त्यांच्याकडे होताच. लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, एवढंच त्यांनी मला विचारलं. दुकानातल्या एसीत याचं खरं उत्तर मिळत नाही. म्हणून मंडळातल्या एका पोराचा लॅपटॉप आणि गावातल्या फोटो स्टुडिओचा डेस्कटॉप, दोन्ही ऐन मे महिन्यात देवळाच्या सभामंडपात मांडायला मी सांगितले.

मुख्य गायक एक, पेटी एक, तबला-डग्गा दोन, खंजिरी दोन, मागची मंडळी दोन, असे आठ माइक लागले. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाला आठ ट्रॅकचा एक तास साधारण ४.१५ जीबी होतो, म्हणजे जागेची अडचण कुठल्याच मशीनला नव्हती. खंजिरीची थाप एकदम उसळते, म्हणून तिच्या माइकचा गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) जोरातल्या थापेला −१२ डीबीवर थांबेल इतकाच ठेवला; ० च्या वर आवाज फाटतो.

सकाळी दोन्ही मशीन १२८ सॅम्पलच्या बफरवर नीट चालली. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हातात घेतो तेवढा. दुपारी वरचे टिनपत्रे तापले आणि लॅपटॉपच्या आवाजात तडतड सुरू झाली. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आलेला. पातळ लॅपटॉपमधला १५ वॅटचा प्रोसेसर, आत ओढली जाणारी हवाच गरम, त्यात जाळीवर धुळीचा थर. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही तर आवाजात खंड पडतो आणि तोच तडतड म्हणून ऐकू येतो. लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या सरकवल्या, बफर ५१२ केला, सगळे प्लगिन (आवाजावर इफेक्ट चढवणारे जोड-प्रोग्रॅम) बंद केले. बफर वाढल्यामुळे आता गायकाला स्वतःचा आवाज उशिरा पोचला असता, म्हणून तो थेट इंटरफेसमधूनच हेडफोनला दिला. तडतड गेली.

डेस्कटॉपला उन्हाचा त्रास झाला नाही, पण त्याच्या पंख्याची घरघर खंजिरीच्या कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणाऱ्या) माइकमध्ये उतरत होती. तो बाजूच्या कोठीत हलवावा लागला. यूएसबी २ च्या केबलची मर्यादा ५ मीटर, त्यामुळे कोठी जवळ होती म्हणून निभलं.

मग भर भजनात लाइन गेली. डेस्कटॉप तर बंद पडलाच. त्याच्यावरची फाइल अर्धवट राहिली आणि उघडेना. अशी फाइल ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून, २४ बिट, लिटल-एंडियन, ४८,००० असं सांगून आणली तर बहुतेक वेळा आवाज परत मिळतो. इथेही मिळाला. मंडळाचे प्रमुख म्हणाले, “लॅपटॉपले बॅटरी आहे न भाऊ, थो तं चालूच राह्यते.” लॅपटॉप चालू होता, पण रेकॉर्डिंग थांबलं होतं. आठ इनपुटचे बहुतेक इंटरफेस नुसत्या यूएसबीच्या विजेवर चालत नाहीत; यांच्या इंटरफेसला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागत होता आणि तो भिंतीच्या सॉकेटात होता. लॅपटॉप घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक हे आधी बघतात.

यावर उपाय स्वस्त आहे: वायफाय राउटरसाठी मिळते ती छोटी १२ व्होल्टची यूपीएस. फक्त इंटरफेसच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची धन-ऋण बाजू तिच्याशी जुळते का, ते लावण्याआधी तपासायचं.

लाइन आल्यावर चार्जर लावला आणि पेटीच्या माइकमध्ये बारीक गुणगुण आली. चार्जर काढला की गायब. देवळात अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांमधली वरची पिन तोडून गुणगुण घालवायचा उद्योग काही जण करतात. तो जिवावर बेतू शकतो, कोणीही करू नये. चांगला वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्यावं. तोवर रेकॉर्डिंग बॅटरीवर.

या मंडळाला गावोगाव जायचं असतं, म्हणून मी लॅपटॉपच सांगितला: जाड चालेल, एच मालिकेचा (जास्त वॅटचा) प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि वर ती राउटरची यूपीएस. मिक्सिंग फोटो स्टुडिओच्याच डेस्कटॉपवर करायचं. वडशाला एका जागी बसून झाडीपट्टीच्या नाटकांसाठी कीबोर्डवर गाणी बांधणाऱ्याला मात्र मी डेस्कटॉपच घ्यायला लावीन, कारण सॉफ्टवेअरमधली वाद्यं प्रोसेसर सतत राबवतात, आणि सुटा भाग बिघडला तर नागपूरला बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणून बदलता येतो.

बर्डीवर लॅपटॉप बघताना इंटरफेस आणि आठ ट्रॅकचा एखादा जुना प्रोजेक्ट सोबत न्यावा. अर्धा तास चार्जरवर आणि अर्धा तास बॅटरीवर तो चालवून बघावा. काही लॅपटॉप चार्जर काढताच वेग कमी करतात. तसं झालं तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बदल करून पुन्हा बघावं, आणि तरीही तडतड राहिली तर तो लॅपटॉप घेऊ नये.