एक वाफ काढायची सवय आणि माझे पाच शनिवार

‘मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता, भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत.’ व्हेज स्टर फ्रायची कुठलीही कृती उघडा, हे वाक्य तिच्यात सापडतंच. या वाक्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. भाजी किती घ्यायची, कढई केवढी, मोठी आच म्हणजे नेमकी किती, आणि परतताना पाणी सुटलं तर काय करायचं, यातलं काही म्हणजे काही सांगत नाहीत. मी ती तीन-चार मिनिटं चार शनिवार शोधत होते. पाचव्या शनिवारी सापडली. ज्या कोणाच्या कढईत भाजी अशीच पाण्यात पोहत असेल, तिच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

सुरुवात लेकीमुळे झाली. ती दहावीत आहे. घरी कोबीची भाजी केली की ताटाच्या कडेला सारून ठेवते, आणि कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर तोच कोबी, तीच ढोबळी मिरची, तीच फरसबी मिटक्या मारत खाते. म्हटलं, भाजीशी हिचं वैर नाही, आपल्या करण्याशी आहे. मग घरीच करू.

सामान आणणं, चिरणं यात अवघड काहीच नाही. चार माणसांना एक मोठं गाजर, दहा-बारा फरसबीच्या शेंगा, एक ढोबळी, पाव गड्डा कोबी, कांद्याच्या पातीची अर्धी जुडी, दोनशे ग्रॅम पनीर, आलं, लसूण. फरसबी आणि गाजर तिरकं आणि पातळ चिरायचं, म्हणजे कढईला लागणारी बाजू मोठी होते आणि ते लवकर शिजतं. हे मात्र सगळे बरोबर सांगतात.

पहिल्या शनिवारी मी नॉनस्टिक पॅनमध्ये तेल टाकलं, आलं-लसूण टाकलं, आणि चिरलेली सगळी भाजी, साधारण सहाशे ग्रॅम, एकदम ओतली. वर चिमूटभर मीठ. आपण भाजीला घालतो तसंच. पहिलं अर्धं मिनिट छान चर्र वाजलं. मग आवाज बसला. उलथन्याने भाजी बाजूला केली तर तळाशी पाणी, आणि त्या पाण्यात बारीक बारीक बुडबुडे. आच आणखी वाढवायला जागाच नव्हती, बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं. सासूबाई मागे विळीवर बसल्या होत्या. आवाज ऐकूनच म्हणाल्या, “अगं, झाकण ठेव वर. एक वाफ येऊ दे, मग होईल ती.”

मी ठेवलं. वर पाण्याचं ताट ठेवायची सवय हाताला इतकी आहे की विचारही करावा लागला नाही. पाच मिनिटांनी ताट काढलं तेव्हा ढोबळीचा हिरवा रंग खाकी झाला होता आणि गाजर बोटाने दाबलं जात होतं. पाणी लपवायला कॉर्नफ्लोअर लावलं. त्याची झाली ग्रेव्ही. लेकीने भातावर घेऊन मुकाट्याने खाल्लं, आणि ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या शनिवारी झाकण ठेवलं नाही, पण भाजी तेवढीच. पाणी आटेल म्हणून परतत राहिले. बारा मिनिटं लागली. पाणी आटलं तोवर कोबीचा लगदा आणि लसूण काळी.

तिसऱ्या वेळी वाटलं भांड्याचा दोष असेल. तो थोडा होताच. नॉनस्टिक पॅन रिकामा कडकडीत तापवायचा नसतो, २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो, आणि या प्रकाराला तर भांडं आधी रिकामंच तापवायला हवं. म्हणून पत्र्याची लोखंडी कढई आणली. नवी कढई आधी साबणाने खसखसून घासायची, कोरडी करायची, तेलाचं बोट आतून फिरवायचं आणि धूर येईपर्यंत तापवायची, असं तीन-चारदा. तिला काळा, गुळगुळीत थर धरतो आणि भाजी चिकटत नाही. एवढं करून शनिवारी पुन्हा सहाशे ग्रॅम भाजी एकदम टाकली. पुन्हा पाणी. चौथ्या वेळी भर म्हणून मशरूम घातले, तेव्हा तर कढईत सारच झालं.

त्या रात्री मी चिडून भांडी आपटत होते, आणि लेक उष्णतेचा धडा वाचत होती. तीच म्हणाली, “आई, हे बघ ना, तुझंच चाललंय इथे.” पुस्तकात अप्रकट उष्मा होता, म्हणजे तापमान न वाढता नुसती पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७५ कॅलरी लागतात, आणि त्या उकळत्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४०. सातपटीहून जास्त. म्हणजे पातेल्यातलं पाणी उकळायला तीन मिनिटं लागत असतील तर ते सगळं आटायला वीसच्या वर लागणार. कोबी, ढोबळी, मशरूम यांच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ते सुटून तळाशी साचलं की शेगडीची सगळी ताकद ते आटवण्यात जाते आणि भाजी १०० अंशांच्या आसपासच अडकून बसते. तिला तो खरपूस डाग पडायला, तो वास यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. मी चार शनिवार भाजी परतत नव्हते, उकडत होते.

कारण कळलं, पण उपाय कळला तो गाडीवर. एरवी पार्सल सांगून मी बाजूला मोबाइल बघत उभी राहते. त्या संध्याकाळी मुद्दाम कढईसमोर उभी राहिले. आमच्या दोन प्लेट आणि आमच्या पुढच्या माणसाच्या दोन, चारही एकच प्रकार. मला वाटलं चारही एकदम टाकेल. त्याने एक टाकली. भट्टीची आच कढईच्या काठापर्यंत चढलेली, भाजी हवेत उडवली, दीड मिनिटात प्लेटमध्ये. मग कढईत डावभर पाणी, झाडूसारख्या ब्रशचे दोन फटकारे, पाणी बाहेर, कढई आचेवर कोरडी, तेल, आणि दुसरी प्लेट. असं चार वेळा. भाज्यासुद्धा ओल्या नव्हत्या. जाळीच्या टोपल्यांत वेगवेगळ्या ठेवलेल्या, हात घातला की खुळखुळ वाजतील अशा कोरड्या. मी विचारलं, दादा, सगळ्या एकदम का नाही टाकल्या? तो मान वर न करता म्हणाला, “दीदी, एक बार में एक ही प्लेट. ज़्यादा डालेगा तो पानी छूटेगा.”

त्याच्या भट्टीपुढे माझी शेगडी म्हणजे समईची वात. एवढ्या आचेवर तो एकच प्लेट करतो, आणि मी घरच्या बर्नरवर चार माणसांची भाजी एका दमात करायला निघाले होते. हे एक वाक्य कुठल्याही कृतीत लिहिलं असतं तर माझे चार शनिवार आणि दोन-अडीच किलो भाजी वाचली असती.

तर उपाय एवढाच, घाणे काढायचे. पुऱ्या तळताना, भजी तळताना आपण घाणे काढतोच. कढईत मावतात म्हणून वीस पुऱ्या कोणी एकदम सोडत नाही. इथेही तसंच. घरच्या मोठ्या बर्नरवर एका वेळी दोन मुठी भाजी, दीडशे-दोनशे ग्रॅम. कढईचा तळ मधूनमधून दिसला पाहिजे. माझे चार माणसांना तीन घाणे होतात. पहिला गाजर-फरसबीचा, दोन मिनिटं. काढून ताटात पसरायचा, ढीग करायचा नाही, ढिगाला स्वतःच्याच वाफेने घाम फुटतो. कढई पुन्हा तापू द्यायची. मग ढोबळी, एक मिनिट. मग कोबी, एक मिनिट. प्रत्येक घाण्याला चमचाभर तेल. शेवटी सगळं एकत्र.

दुसरं, मीठ. भाजीवर मीठ पडलं की ती पाणी सोडते. काकडी चोचवताना, कारल्याला मीठ लावताना आपण तेच तर करतो. इथे मीठ घालायचंच नाही. सोया सॉसमध्ये भरपूर असतं, एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम. घरात कोणाला रक्तदाब असेल तर हे लक्षात ठेवा, आमच्याकडे सासूबाईंना आहे. चौघांना मी दीड मोठा चमचा घालते, तोही अगदी शेवटी.

तिसरं, धुतलेली भाजी. मी आता दुपारीच धुऊन, चाळणीत निथळून, जुन्या पंचावर पसरून पंख्याखाली ठेवते. पावसाळ्यात तर बाजारातूनच ती भिजलेली येते, कोबीच्या पानांत पाणी अडकलेलं असतं. चिरल्यावर एकदा पंचात गुंडाळून हलकेच दाबते. पंचा किती ओला होतो ते एकदा बघाच.

कढई तापली की नाही हे धुराची वाट न बघता असं ओळखते. रिकाम्या कोरड्या कढईत बोटाने पाण्याचा एक थेंब टाकायचा. चर्र होऊन उडून गेला तर अजून वेळ आहे. थेंब गोळा होऊन मोत्यासारखा तळावर पळायला लागला की झालं. तो पळून संपू द्यायचा आणि मगच तेल. तेल घातल्यावर हा प्रयोग चुकूनही करू नका, अंगावर उडेल. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं घेते. लाकडी घाण्यावरचं तेल चवीला कितीही आवडत असलं तरी लवकर धुरकटतं, ते इथे नको. भाजक्या तिळाचं तेल असेल तर ते गॅस बंद केल्यावर, अर्धा चमचा.

पाचव्या शनिवारी पहिला घाणा टाकला आणि चर्र आवाज सुरू झाला. मी बोलले नाही, नुसती ऐकत उभी राहिले. अर्धा मिनिट, एक मिनिट, दीड मिनिट, आवाज बसला नाही. फरसबीच्या सालीवर बारीक फोड आले, गाजराच्या कडांना तांबूस रेघ आली, आणि उलथनं बाजूला केलं तर तळ कोरडा, तेलाने चमकणारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं मला काही वावगं वाटत नाही. सासूबाई सवयीने ताट घेऊन आल्या होत्या. म्हटलं, “आई, आज झाकण नको.” त्या कढईत वाकून बघत राहिल्या. मग गाजराचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि ताट घेऊन आत गेल्या.

लसूण-आलं सांगायचं राहिलं. ते सुरुवातीला घालू नका, एवढ्या तापलेल्या कढईत दहा सेकंदांत जळतं आणि कडू होतं. शेवटचा घाणा निघाला की आच थोडी कमी करून, तेलात ते दोन-चार वेळा हलवायचं, मग सगळ्या भाज्या परत घालायच्या. लगेच कडेने सॉस. तो आधीच वाटीत कालवलेला हवा: सोया सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, अर्धा लहान चमचा साखर, एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर आणि तीन मोठे चमचे थंड पाणी. गरम पाण्यात कॉर्नफ्लोअरच्या गाठी होतात. आणि ओतायच्या आधी वाटी पुन्हा ढवळा, पीठ तळाशी बसलेलं असतं. अर्ध्या मिनिटात भाजीवर चकाकी येते. पात वरून. गॅस बंद.

पनीर आधीच वेगळं, दोन बाजूंनी डाग पडेपर्यंत परतून ठेवायचं. टोफू असेल तर कपड्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवायचा, अर्ध्या तासात पाणी निघतं. मशरूम घालायचेच असतील तर त्यांचा घाणा एकट्यांचा, सहा-सात मिनिटांचा. ते आधी पाणी सोडतात, मग ते आटतं, मगच तांबूस होतात. त्यांच्यात दुसरी भाजी घालायची नाही.

व्हिनेगर पडल्यावर भाजी लोखंडी कढईत राहू देऊ नका, काळी पडते आणि चव लोखंडाची येते. लगेच स्टीलच्या भांड्यात काढा. कढई गरम असतानाच धुऊन, आचेवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवा. आणि भात आधी करून ठेवा, हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. भाजी झाल्यावर कुकर लावलात तर करकरीतपणा कुकरच्या शिट्ट्या मोजत बसत नाही.

लेकीने त्या शनिवारी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, “कोबी अजून आहे का?”

पुढच्या रविवारी नणंद येते आहे, घरात आठ माणसं होतील. सहा घाणे. सासूबाईंनी कालच सांगून ठेवलंय, थेंबाचं काय ते एकदा दाखव, निम्मे घाणे मी काढते.