सुधारणा कोणाची, विजेतेपद कोणाचे

आजची सुट्टी मी अमेरिकी बेसबॉलच्या अलीकडच्या हंगामांचे आकडे चाळण्यात घालवली आणि हिवाळ्यातील करारांमुळे सर्वाधिक सुधारलेला संघ म्हणून माझे मत कॅन्सस सिटी रॉयल्सच्या बाजूने पक्के झाले. २०२३ मध्ये या संघाने १०६ सामने गमावले होते. त्यानंतर त्यांनी सेथ लुगोशी तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरचा आणि मायकेल वाकाशी दोन वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. पुढच्या हंगामात या दोन पिचरांच्या (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या) नावावर मिळून २९ विजय लागले, संघाचे विजय ५६ वरून ८६ वर गेले आणि प्लेऑफमध्ये त्यांनी बाल्टिमोर ओरिओल्सला सलग दोन सामन्यांत हरवले. फलंदाजीचे श्रेय मात्र आधीपासून संघात असलेल्या बॉबी विट ज्युनिअरचे आहे.

त्याच हिवाळ्यात लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओहतानीला ७० कोटी डॉलरच्या कराराने आणले. ते २०२४ चे विजेते ठरले खरे, पण साखळीतील त्यांचे विजय १०० वरून ९८ वर आले! रॉयल्सचे सगळेच करार फळले असेही नाही. अनुभवी विल स्मिथची पिचिंग निराशाजनकच ठरली.