उखळाची राखण

अंकोरवाट पाहून झालं की आमच्या बहुतेक पाहुण्यांचा कंबोडिया संपलेला असतो. त्यानंतर बट्टंबांगला कशाला जायचं, हा प्रश्न मला मुंबईच्या विमानतळापासून विचारला जातो. सिएम रीपहून रस्त्याने साधारण 170 किलोमीटर, आणि तिथे जाऊन करायचं काय, तर सकाळी सायकल चालवायची आणि दुपारी स्वयंपाक. "स्वयंपाकच करायचा होता तर घर काय वाईट होतं?" असं ठाण्याच्या एका ताईंनी भर बसमध्ये विचारलं, तेव्हा मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. 2023 मध्ये युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीसाठी 'सर्जनशील शहरां'च्या यादीत घेतलंय, असं मी माइकवर सांगितलं. त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

टूर मॅनेजर म्हणून मला काळजी सायकलची नव्हती, कोथरूडच्या काकूंच्या जेवणाची होती. काकू शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूण चालतो, अंडं नाही, आणि ज्या भांड्यात मासे शिजलेत त्यातलं काहीही नाही. असे पाहुणे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात आणि मला त्यांचा त्रास होत नाही, कारण त्यांचे नियम स्पष्ट असतात. त्रास होतो तो "मी काय, ॲडजस्ट करीन" म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या दिवशी भुकेने चिडतात ती हीच मंडळी.

कंबोडियात शाकाहार सांभाळताना मांस अडचणीचं नसतं, ते डोळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त असतं. पालेभाजीत ऑयस्टर सॉस, सूपमध्ये कोंबडीची पावडर, केळफुलाच्या कोशिंबिरीत माशाचा सॉस आणि रस्श्यात प्रहोक, म्हणजे मीठ लावून मुरवलेल्या माशांचा लगदा. "मासे नकोत" म्हटलं की स्वयंपाक करणारी बाई मान डोलावते आणि माशाचे तुकडे काढून टाकते. प्रहोक तिच्या लेखी मासा नाहीच, तो मिठाच्या रांगेत बसतो. म्हणून स्वयंपाकाचा वर्ग ज्या घरी होता, तिथे मी आधीच नावानिशी यादी पाठवली होती. "नो प्रॉब्लेम, बाँग," असं उत्तरही आलं होतं. तिकडे आपल्याहून थोड्या मोठ्या माणसाला बाँग म्हणतात; मी सगळ्या देशाची बाँग आहे.

फेब्रुवारी महिना, कोरडा हंगाम. नऊनंतर ऊन भाजून काढतं, म्हणून सातलाच निघालो. गिअरच्या सायकली, गळ्यात क्रामा नावाचा चौकटीचा पंचा, आणि मागून पाण्याचे कॅन व दमलेली माणसं गोळा करत येणारी रेमॉर्क, म्हणजे मोटारसायकलला जोडलेली चार-सहा जणांची गाडी. पहिल्या दहा मिनिटांत तीन जण रेमॉर्कमध्ये बसले. ठाण्याच्या ताई मात्र सगळ्यांच्या पुढे. कॉलेजनंतर सायकलला हात लावला नव्हता म्हणे. ओढणी कमरेला बांधली आणि सुटल्या.

रस्ता सांगके नदीच्या कडेकडेने उत्तरेला जातो. दोन्ही बाजूंना खांबांवर उभी लाकडी घरं, घराखाली सावलीत झोपाळी, शेजारी पांढरी वशिंडाची गुरं. हा लग्नांचाही हंगाम. एका ठिकाणी अर्धा रस्ता व्यापून मांडव पडला होता आणि कर्ण्यांवर गाणी चालली होती. सायकली हातात धरून आम्ही कडेने निघालो, तर यजमानांनी पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या. पुढे तांदळाचे कागद करणाऱ्यांची घरं लागली. उकळत्या पातेल्यावर ताणून बांधलेलं कापड, त्यावर पळीभर पातळ पीठ गोल पसरायचं, वाफेवर क्षणात शिजतं, मग ते अलगद उचलून बांबूच्या तट्टीवर टाकायचं. चुलीत भाताचा तूस. "अहो, या तर फेण्या!" असं म्हणून आमच्या बायका तिथे अशा रमल्या, की मला घड्याळ दाखवावं लागलं. एकीने करूनही पाहिली. तिचा कागद फाटला, आणि घरातल्या मुलीने तो गुंडाळून तिच्याच तोंडात घातला.

प्रहोकच्या बाजारात मात्र पाच मिनिटांत निम्मा ग्रुप नाकाला पंचा लावून रस्त्यापलीकडे. मालवणचे काका तेवढे शांतपणे टोपल्यांमधून फिरले आणि किलोचा भाव विचारून आले. इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पावसाळ्यात मेकाँगला एवढं पाणी येतं की तोनले साप नदी उलटी वाहते आणि तोनले साप सरोवर चौपटीहून जास्त पसरतं. पावसाळा सरला की पाणी परत फिरतं, त्याबरोबर बारीक मासळी अक्षरशः लोटते, आणि काही आठवड्यांत आलेली ती मासळी वर्षभर पुरवायची असते. डोकी काढायची, चेचायची, धुवायची, मीठ लावून उन्हात ठेवायची, मग बरण्यांत. पूर्वी शेतकरी बैलगाड्यांतून भात घेऊन नदीवर यायचे आणि मासळी घेऊन परतायचे. ज्या देशाचा प्रत्येक रस्सा या बरणीतून सुरू होतो, तिथे मी एका बाईसाठी बिनबरणीचा रस्सा मागत होते.

त्यानंतर वाट सामराँग क्नाँग; ख्मेर भाषेत वाट म्हणजे बौद्ध विहार. ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या राजवटीच्या, काळात हा विहार तुरुंग होता आणि मागच्या बाजूला माणसं मारली जायची. आज तिथे स्तूप आहे, काचेआड कवट्या आणि हाडं आहेत, चौथऱ्यावर त्या छळाची शिल्पं आहेत. अशा ठिकाणी ग्रुपला काय सांगावं हे मला अजून जमत नाही, मी तारखा सांगते. 17 एप्रिल 1975 ते 7 जानेवारी 1979. मी तारखा सांगत असतानाच नागपूरचे सर आणि मॅडम चपला काढून पुढे गेले, हात जोडले, आणि सरांनी हळू आवाजात सुरुवात केली, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." सरांचे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या त्या मैदानावर होते, हे त्यांनी मला आदल्या रात्री सांगितलं होतं. बाजूला पाचोळा झाडणारे एक म्हातारे गृहस्थ खराटा टेकवून थांबले. तिसऱ्या वेळी त्यांचाही आवाज त्यात मिसळला. मग त्रिसरण, मग पंचशील. सूर वेगळा, पण दोघांचं कुठेही अडलं नाही. मी आणि आमचा ख्मेर गाइड, दिवसभर दोन भाषांमध्ये हमाली करणारे आम्ही दोघं, तेवढा वेळ बिनकामाचे उभे होतो.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. वर्ग घराच्या खालच्या मोकळ्या जागेत. शिकवणारी तरुण मुलगी, मदतीला तिची आई. टेबलावर क्रुंगचं साहित्य मांडलेलं. क्रुंग म्हणजे ख्मेर स्वयंपाकाचं ओलं वाटण: गवती चहा, कुळिंजन, ओली हळद, लसूण, छोटे कांदे, खडबडीत सालीच्या लिंबाची पानं. गवती चहाचा फक्त खालचा पांढरा दांडा घ्यायचा आणि इतका बारीक चिरायचा की उखळात धागा राहता कामा नये. वरची हिरवी पाती ती मुलगी बाजूला टाकत होती. आपण नेमकी तीच घेतो. ठाण्याच्या ताईंनी ती सगळी गोळा केली, पर्समधून चहापूड काढली आणि चुलीचा एक कोपरा ताब्यात घेतला. दूध डब्यातलं, घट्ट, गोड. तो चहा त्या घराने दोनदा मागून घेतला.

कुटायची वेळ आली तेव्हा काकूंनी उखळाकडे बोट दाखवून मला विचारलं, "यात ते कुटतात का गं, ते बाजारातलं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. लाकडात मुरलेला वास मलाही येत होता. मी म्हटलं, "हो काकू, कुटतात."

"मग माझं भांडं वेगळं लागेल."

वाक्य साधं होतं. हॉटेलांत ते मी रोज भाषांतरित करते. पण या वेळी टेबलाच्या टोकाला नागपूरच्या सरांची सुरी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही, सुरी फळीवर नीट आडवी ठेवली. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. 'भांडं वेगळं' हे आपल्या लोकांमध्ये फक्त वासाचं प्रकरण कधीच नव्हतं, हे त्या टेबलावर प्रत्येकाला माहीत होतं, आणि काकूंच्याही ते लक्षात आलं असावं. कारण कोणी न विचारता त्या म्हणाल्या, "मला वास सहन होत नाही हो, बाकी काही नाही." कोणीच काही बोललं नाही. मी ते वाक्य ख्मेरमध्ये कसं पोचवावं याचा विचार करत होते, पण गाइडने तोवर सांगून टाकलं होतं.

त्या मुलीच्या आईला यात अपमान वगैरे काही वाटला नाही. ती उठली आणि शेजारच्या घरात गेली. परत आली ती एक दगडी उखळ आणि एक आजी घेऊन. आजी चिनी वंशाच्या, पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळणाऱ्या. त्यांचं उखळ त्या दिवसांपुरतंच बाहेर निघायचं, प्रहोक त्याने पाहिलेला नव्हता. उखळ द्यायला हरकत नव्हती, पण त्याला एकटं सोडायला आजी तयार नव्हत्या. खुर्ची मागून घेतली, उखळाला लागून बसल्या, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात दाखवायला लावू लागल्या. पहिला नंबर काकूंचाच. त्यांनी मघाशी कुतूहलाने माशाची फळी उचलून पाहिली होती. आजींनी त्यांची बोटं हुंगली, "च्च" केलं आणि घागरीकडे पिटाळलं. काकू राख लावून हात धुऊन आल्या आणि पुन्हा हात पुढे केले. सगळ्यात आधी हसले ते नागपूरचे सर.

काकूंच्या खांद्याला जुनं दुखणं, चार घावांत त्या थकल्या. नागपूरच्या मॅडम न विचारता आल्या, आजींना दोन्ही हात दाखवले, पास झाल्या, आणि काकूंचं वाटण त्यांनी कुटून दिलं. चांगली वीस मिनिटं. हळदीने पंजे पिवळे होईपर्यंत. दोघी काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. मी तेव्हा अंड्याच्या मागे लागले होते.

त्या दिवशी शिकायचा पदार्थ होता आमोक, म्हणजे पानात वाफवलेला मासा, आणि त्याला घट्टपणा अंड्याने येतो. मूळ पाककृती माशाचे तुकडे, क्रुंग, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, नोनीची पानं आणि अंडं. केळीच्या पानाचा द्रोण करून बांबूच्या काडीने टाचायचा आणि वाफवायचा. काकूंच्या द्रोणात माशाऐवजी भोपळा आणि अळंबी, माशाच्या सॉसऐवजी मीठ आणि मुरवलेले सोयाबीन. अंड्याऐवजी त्या आईने नारळाच्या दुधात तांदळाची पिठी कालवून दिली. अगदी सहज, जणू हे रोजचंच. वाफ येईपर्यंत गाइडने मला बाजूला घेऊन सांगितलं, की ख्मेर रूजच्या काळात ती शाळकरी वयाची होती. घरोघरची भांडी काढून घेतलेली, स्वतःची चूल पेटवणं गुन्हा, सगळ्यांनी सामुदायिक जेवणघरात पातळ पेजेच्या रांगेत उभं राहायचं, तेही देशाचं भाताचं कोठार म्हणवणाऱ्या या प्रांतात. त्या घराच्या भिंतीवर इतकी पातेली का टांगलेली आहेत, ते मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही.

काकूंचा आमोक जमला. माशाच्या आमोकइतका हलका नव्हता, थोडा खरवसाच्या अंगाने गेला, पण जमला. नागपूरच्या सरांनी दोन्ही खाल्ले. "बौद्ध असून मासे?" असं काकूंनी विचारलंच, आणि सरांनी भिक्षापात्रात पडेल ते भिक्खूंनी घ्यावं हा नियम त्यांना भात कालवता कालवता सविस्तर समजावला. दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत हे ऐकून काकू म्हणाल्या, ते मात्र आपल्याला जमणार नाही. आजींनी आपलं उखळ तीन पाण्यांनी धुतलं, काकूंच्या ताटातला एक द्रोण उचलून पदरी बांधला आणि निघून गेल्या.

त्या घरी मी अजूनही ग्रुप नेते. पुढच्या हंगामाच्या बिलात सायकली, रेमॉर्क, वर्ग, जेवण यांच्याखाली एक नवी ओळ आली: 'उखळ, आजीसह, 2 डॉलर.' ऑफिसच्या अकाउंटंटने फोन करून विचारलं, हा खर्च कशात टाकू? मी म्हटलं, गाइड फीमध्ये टाका.