पांढरी सातातला देव्हारा

काका पहिल्यांदा आले तेव्हा साबुदाण्याच्या पिशवीत एक डॉटबोर्ड, म्हणजे सुटे भाग टाके मारून जोडायची भोकाभोकांची पाटी, घेऊन आले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सोल्डरिंगचा नाद. देव्हाऱ्यात पाच मीटर वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी, ती मंद-प्रखर करायला आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येतो असा छोटा बोर्ड) आणि मॉसफेट (त्याच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा स्विच), शेजारी ब्लूटूथचं कार्ड, खाली अँप्लिफायर. मोबाईलवरून अभंग लावायचे आणि दिवे हळूहळू पेटवायचे, अशी योजना. हाताला सफाई होती, टाके चकचकीत. एवढे चांगले टाके डिप्लोमा करून आलेल्या पोरांचे नसतात.

तक्रार एकच. दिवे मंद केले की स्पीकरमधून कुईं आवाज. दिवे बंद असले तर नाही, पूर्ण पेटवले तरी नाही.

खरं तर रोगाचं निदान त्या वाक्यातच होतं. मी मात्र सवयीने बोर्ड टेबलावर घेतला, माझ्या सप्लायला जोडला, दिवे अर्ध्यावर आणले. आवाज शून्य. तरी हात रिकामे कसे ठेवायचे, म्हणून पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ब्लूटूथ कार्डापाशी '१०४' छापलेला एक छोटा कपॅसिटर लावला, १५० रुपये घेतले. आमच्या धंद्यात अर्धे कपॅसिटर असेच लागतात, शांतीसाठी.

चार दिवसांनी फोन. आवाज आहे तसाच. काकू मागून म्हणाल्या, "त्यांना सांगा, पांढरी सातात बोलतो. किंचित उतरलेला." काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात.

तेव्हा कुठे डोकं चाललं. आर्डुइनोच्या बहुतेक पिनांवर पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवे मंद करणारी वेगवान उघडझाप, साधारण ४९० हर्ट्झने चालतो. पांढरी सात म्हणजे पेटीची सातवी पांढरी पट्टी, ४९४ हर्ट्झ. माझा ऑसिलोस्कोप बाहेर निघायच्या आत बाईंनी कानाने फ्रिक्वेन्सी सांगितली होती, वर 'उतरलेला' म्हणून चूकही दाखवली होती. दिवे मंद करतो म्हणजे आपण ते सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद करत असतो. पूर्ण पेटवले की ही उघडझाप थांबते, म्हणून आवाजही थांबतो.

घरी गेलो. सदाशिव पेठेतलं जुनं घर, सागवानी देव्हारा, आतून पितळी पत्रा. खाली एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा, आणि अँप्लिफायर, वर छताला काकांचा बोर्ड. मधे दोन मीटर अंतर, आणि त्यात प्लस-मायनससाठी वापरल्या होत्या लॅन केबलमधल्या एकेक तारा! माझ्या टेबलावर जाड वायर होती, म्हणून आवाज आला नव्हता.

हिशोब साधा आहे. त्या तारेचा रोध मीटरला ०.०८ ओहमच्या आसपास, म्हणजे दोन मीटरला ०.१७. पट्टी ओढते २ अँपिअर. म्हणजे मायनसच्या तारेच्या दोन टोकांत ०.३४ व्होल्टचा फरक, तोही ४९० वेळा येणारा-जाणारा. ब्लूटूथ कार्डाचा मायनस वरच्या टोकाला, अँप्लिफायरचा खालच्या. त्यामुळे अँप्लिफायरला गाण्यासोबत हा फरकही मिळत होता, आणि गाण्याचा सिग्नलच मुळात ०.३ व्होल्टच्या घरातला. अभंगाइतकाच मोठा आवाज तारेचा. इथे माझ्यासारखी कपॅसिटरची पूजा बांधून फारसा फरक पडत नाही. मायनस म्हणजे शून्य, ही सगळ्या सर्किटच्या चित्रांनी पसरवलेली अंधश्रद्धा आहे. चित्रात शून्य असतं, तारेत नसतं.

काहीजण प्रोग्राममध्ये एक ओळ बदलून पीडब्ल्यूएम ३१ किलोहर्ट्झवर नेतात. आवाज जातो, म्हणजे कानाला ऐकू येत नाही. मला ते घरातला केर सतरंजीखाली लोटण्यासारखं वाटतं. मी पट्टीला एसएमपीएसपासून स्वतंत्र जाड जोडी ओढली, ब्लूटूथ कार्ड खाली अँप्लिफायरच्या कडेला आणलं आणि त्या दोघांचा मायनस एकाच स्क्रूवर घेतला. मॉसफेटपासून खाली येणाऱ्या करंटने आता गाण्याच्या वाटेत यायचं कारणच उरलं नाही. दिवे अर्ध्यावर. स्पीकर गप्प. काकूंनी कान लावून बघितलं, मान डोलावली.

मी खूश होऊन सामान आवरत होतो. पितळी पत्र्याला मनगट टेकलं आणि हातातून मुंग्या गेल्या.

"येतात हो," काकू म्हणाल्या. "ओल्या हाताने निर्माल्य काढताना तर रोज येतात."

प्लग बाहेर काढला. थ्री पिन टॉपची अर्थिंगची जाड पिन करवतीने कापलेली. आधी काका कॉम्प्युटरवरून गाणी लावायचे, तेव्हा अर्थिंगच्या वाटेने ५० हर्ट्झची घरघर यायची. ओळखीच्या एका साउंडवाल्याने पिन कापून ती घालवली होती. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून डब्यापर्यंत छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर डबा निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो, आणि डबा तर पत्र्यालाच स्क्रूने बसवलेला. मीटर लावला, पत्रा ते सॉकेटचं अर्थिंग, ११२ व्होल्ट. त्यातून करंट अगदी थोडा येतो, म्हणून नुसत्या मुंग्या. पण आत इन्सुलेशन गेलं असतं तर पत्र्यावर सरळ २३० आले असते, आणि त्या घराच्या बोर्डावर ईएलसीबीही, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विचही, नव्हता.

नवा टॉप बसवला. कॉम्प्युटर परत जोडायचा झाला तर मध्ये ऑडिओचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, काही शे रुपयांत मिळतो, असं बजावलं. काका गप्प झाले होते. मी त्या साउंडवाल्याला दोन शिव्या घातल्या, जरा मोठ्यानेच.

मोठ्याने घातल्या त्याचं कारण काकांना सांगितलं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी, गणपतीत, आमच्या मंडळाच्या मिक्सरला अशीच घरघर येत होती. आरतीला दहा मिनिटं राहिलेली. मी पक्कड घेतली आणि पिन मोडून टाकली. घरघर गेली, अध्यक्षांनी पाठ थोपटली, मला एक शाल मिळाली. पुढे दहाही दिवस पावसात त्याच मिक्सरच्या माइकवरून लहान पोरं गाणी म्हणत होती.

परवा मंडपवाल्याला फोन करून विचारलं, तो मिक्सर कुठे आहे. म्हणाला, "कधीचा विकला की. कोणी घेतला ते आता काय आठवणार?"